वर्दीतले पाहुणे

मे २०२५. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फर्मान निघालं: तुर्कस्तानची सफरचंदं आणायची नाहीत! ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला होता. पुण्याच्या व्यापाऱ्यांनीही ती सफरचंदं घेणं बंद केलं. ओके, ज्याची त्याची मर्जी. पण त्याखालच्या मेसेजवर मी अडखळले. 'भूकंपात आपण आर्मी पाठवली, त्याची ही परतफेड!'

पाठवली होती, खरंय. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर 'ऑपरेशन दोस्त'मध्ये आपल्या आर्मीचं आग्र्याचं ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल तिथे इस्केंदेरूनला जाऊन उभं राहिलं. आपल्या लष्करातल्या डॉक्टर मेजरला मिठी मारणारी तुर्की बाई आठवतेय? तो फोटो याच ग्रुपवर धो-धो फिरला होता. मीही स्टेटसला टाकला होता.

म्हणजे ते कर्ज होतं का? हप्ता चुकला की सफरचंदं जप्त?

आमच्या मजल्यावर एक कच्छी आजी आहेत, अख्खी बिल्डिंग त्यांना बा म्हणते. २६ जानेवारी २००१ ला बा भूजला माहेरी होत्या. सकाळी पावणेनऊच्या सुमारास जमीन हलली. गुजरातमध्ये वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. बांचा पाय मोडला आणि भूजचं सिव्हिल हॉस्पिटलच कोसळलेलं. इथून मुलुंड-घाटकोपरमधले नातेवाईक ब्लँकेट्स, औषधं घेऊन निघाले. पण पाय कोण बसवणार?

बसवला इस्रायलच्या आर्मी डॉक्टरांनी. त्यांनी भूजमध्ये तंबूंचं हॉस्पिटल टाकलं होतं, हजारावर पेशंट तपासले. "त्याला गुजराती नाय, मला इंग्लिश नाय. दुखते का, ते तोंड वाकडं करून विचारायचा," बा नक्कल करून दाखवतात.

परदेशी पथकं ढिगाऱ्यातून माणूस बाहेर काढतात, ते टीव्हीवर सॉलिड दिसतं. प्रत्यक्षात ती पोचेपर्यंत बहुतेकांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच ओढून काढलेलं असतं. लष्कराचा खरा उपयोग त्यानंतर. स्वत:ची वीज, स्वत:चं पाणी, स्वत:चं ऑपरेशन थिएटर घेऊन येतात. जिथे सगळं मोडलंय तिथे कुणाच्या गळ्यात पडत नाहीत.

ऑक्टोबर २०२३ नंतर गाझाच्या बातम्या सुरू झाल्या, तेव्हा नातवाने बांना सांगितलं की हीच ती आर्मी. बा टीव्हीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तो डॉक्टर चांगला होता." मग थोड्या वेळाने, "हे चांगलं नाय." दोन्ही वाक्यांपैकी एकही त्यांनी आजवर मागे घेतलेलं नाही. मला हे ग्रुपवरच्या हिशेबापेक्षा जास्त पटतं.

सरकारांना मात्र असं सुटसुटीत राहता येत नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत आपल्या किनाऱ्यावर हजारो माणसं गेली, तरी भारताने परक्या सरकारांची मदत नको म्हटलं. उलट आपलं नौदल श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाला धाडलं. देणाऱ्याच्या रांगेत उभं राहायला कुणाला आवडत नाही?

पुढच्याच वर्षी, ८ ऑक्टोबर २००५ ला, पाकव्याप्त काश्मीर हादरलं. भारताने हेलिकॉप्टर्स देऊ केली. पाकिस्तान म्हणालं, द्या, पण पायलट नकोत. आपण म्हटलं, मग हेलिकॉप्टर्सही नाहीत. रिक्षा हवी, रिक्षावाला नको! वाचून आधी मला हसूच आलं. पण विचार करा, काश्मीरवरून उडणाऱ्या पायलटला वरून तंबू दिसतात तसे बंकरही दिसतात. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. आणि आपली मशीन्स त्यांच्या हातात देणं आपल्यालाही जमणारं नव्हतं.

मदतीला अमेरिकेची चिनूक उडत होती. आपली हेलिकॉप्टर्स सीमेच्या अलीकडेच राहिली. वरच्या गावांचे रस्ते दरडींनी बंद झाले होते आणि बर्फ पडायला फार दिवस उरले नव्हते.