‘उद्या या’ला लेखी उत्तर

‘वडिलांचे केसपेपर मागितले की उद्या या म्हणतात,’ अशी तक्रार घेऊन आलेल्या मुलाला वकीलबाई आधी लेखी अर्ज करायला लावतात. पोच घेऊनच. वैद्यकीय परिषदेच्या 2002च्या नियमांनुसार 72 तासांत कागद द्यावेच लागतात.

मग एकेक पान. भूल कधी दिली, संमतिपत्रावर सही कोणाची? परिचारिकांच्या तिन्ही पाळ्यांच्या नोंदी एकाच हातच्या, एकाच शाईत दिसल्या की त्या थबकतात.

1995च्या शांता खटल्याने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, हे फार मोलाचं झालं. पण डॉक्टरांवरही अन्याय नको: 2005च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणाच लागतो. शोकात बुडालेल्या घरच्यांना हे समजावणं सर्वांत जड. ते काम वकीलबाई ज्युनिअरवर सोपवत नाहीत.