चिंचघोडा गेला सावंतवाडीला

बालदोस्तांनो, तुम्ही कधी घोड्यावर बसलात का? आमच्या शाळेतली मुलं रोज बसायची. त्या घोड्याला ना कान होते, ना शेपूट. तो धावायचाही नाही. कारण तो होता चिंचेच्या झाडाला चिकटलेला!

कुडाळ तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची छोटीशी शाळा. पटांगणात एक जुनी चिंच. तिच्या खोडाला, माझ्या गुडघ्याच्या जरा वर, एक भलीमोठी गाठ आली होती. माणसाला आवाळू येतं ना, अगदी तशी. पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्या गाठीवर बसून ‘हॅट् हॅट्’ करत आली. बसून बसून ती पाटीसारखी गुळगुळीत झाली होती. तिचं नाव चिंचघोडा. पहिलीतल्या मुलाचं रडू थांबवायचं असेल, तर मी त्याला घोड्यावर बसवायची. औषध हमखास लागू!

मग १६ मे २०२१ चा दिवस उजाडला. तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. शाळेची कौलं उडाली आणि चिंच मुळासकट आडवी झाली. करोनामुळे शाळा बंदच होती. त्यामुळे मुलांना आपल्या झाडाचा निरोपही घेता आला नाही.

गावाने ठराव करून झाड वखारवाल्याला विकलं. त्या पैशांत नवी कौलं आली. वखारवाल्याने खोड नेलं, फांद्या नेल्या. पण गाठीकडे पाहून मान हलवली. “ही ठेवा तुमच्याकडेच. माझ्या करवतीचे दात खाईल ती! हिच्यात सरळ फळी निघायची नाही, अन् जळणाला फोडायची म्हटलं तर कुऱ्हाड परत येईल.”

मी मनात म्हटलं, बरंच झालं!

आता ही गाठ असते तरी काय? तुम्ही उसाच्या कांडीवरचा डोळा पाहिला आहे ना? त्यातून नवा कोंब फुटतो. झाडांच्या सालीखालीही असे पुष्कळ डोळे निजलेले असतात. झाडाला जखम झाली, किडीने किंवा बुरशीने त्रास दिला, की कधी कधी एकाच जागी डोळ्यांची गर्दी होते. त्यांना कोंब होऊन बाहेर पडता येत नाही. त्यांच्या अवतीभोवती लाकूड वाढत राहतं आणि गाठ फुगत जाते. साध्या लाकडाचे धागे वहीतल्या रेघांसारखे सरळ जातात. गाठीत मात्र ते नदीतल्या भोवऱ्यांसारखे गरगर फिरतात. म्हणूनच ती फुटता फुटत नाही. आणि म्हणूनच आतून अतिशय सुंदर असते!

डी.एड.ला असताना आम्हाला ‘कार्यानुभव’ शिकवायचे. तेव्हा कुठेतरी वाचलं होतं, की अशा गाठींची पेनं करतात. मी ठरवलं, चिंचघोड्याची पेनं करायची. आणि ती द्यायची चिंचघोड्यावर बसलेल्या शेवटच्या मुलांना. म्हणजे कोणाला? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली, तेव्हा जी मुलं पहिलीत होती त्यांना. ती नऊ जण होती. एप्रिल २०२३ ला ती चौथी होऊन आमची शाळा सोडणार होती. त्याआधी काम व्हायला हवं होतं.

पण पहिलाच घास माशीचा! झाड तोडायला आलेल्या माणसाने यंत्रकरवतीने गाठीचे तीन जाड काप करून दिले. लवकर वाळावा म्हणून एक काप मी उन्हात ठेवला. चौथ्या दिवशी ‘टाक्!’ असा आवाज आला. जाऊन पाहते तर काप मध्यापासून कडेपर्यंत उलला होता. मी कपाळाला हात लावला. झालं काय, तर बाहेरचं लाकूड भराभर सुकून आक्रसलं आणि आतलं ओलंच राहिलं. मग ओढाताण होऊन ते फाटलं. पाणी आटल्यावर शेतातला चिखल भेगाळतो ना, तसंच.

मग मी शहाणी झाले. उरलेल्या दोन कापांच्या कडांना वितळलेलं मेण फासलं, म्हणजे पाणी हळूहळू बाहेर पडेल. खाली पट्ट्या घालून ते सावलीत, वाऱ्यावर ठेवले. जाड लाकूड वाळवायचं तर एका इंचाला एक वर्ष, असा साधारण हिशोब असतो. आमचे काप दोन इंचांचे. म्हणजे मे २०२३! आणि मुलं जाणार एप्रिलमध्ये. आता आली का पंचाईत?

शाळा उघडल्यावर मुलांनी एक काम अंगावर घेतलं. शालेय पोषण आहाराचा तांदूळ मोजायच्या काट्यावर दर महिन्याला काप ठेवायचा आणि भिंतीवर वजन लिहायचं. सुरुवातीला ३ किलो २०० ग्रॅम भरलेला काप हलका हलका होत गेला. पण २०२२ च्या श्रावणात गंमतच झाली. वजन ४० ग्रॅमने वाढलं! “बाई, घोड्याने चोरून तांदूळ खाल्ला!” एक जण ओरडला. तांदूळ नव्हे रे, पावसाळी हवेतलं पाणी त्याने पिऊन घेतलं होतं.

त्याच डिसेंबरात मी एक काप पिशवीत घालून एसटीने सावंतवाडीला गेले. गावाच्या मधोमध मोती तलाव, काठावर राजवाडा आणि जवळच चितार आळी. ही आळी म्हणजे लाकडाची जादूनगरी! दुकानांत आंबे, केळी, वांगी, मिरच्या मांडलेल्या. हात लावल्यावर कळतं, अरे, हे तर लाकूड! पाट, भोवरे, बाहुल्या, भातुकलीची जाती. आंब्यासारखं सोपं लाकूड गोल फिरवत कातायचं आणि रंग चढवायचा, ही इथली जुनी विद्या. पूर्वी एक जण दोरी ओढून लाकूड फिरवायचा आणि दुसरा पटाशी धरायचा. आता विजेवरचे लेथ आहेत.

एका म्हाताऱ्या कारागिरांनी माझा काप हातात घेतला, बोटाने टकटक केलं आणि गालाला लावला. “बाई, तुम्ही लावन बघा. थंड लागता ना? म्हणजे आत अजून पाणी आसा. घाई केल्यार पेन आज बरा दिसतला आणि उद्या फुटतला. शिमगो झाल्यार येवा.”

मी हिरमुसून परतले. घाईचा धडा मी आधीच एकदा गिरवला होता ना! पण मुलांनी वजन लिहिणं सोडलं नाही. फेब्रुवारी आणि मार्च, दोन्ही महिने काटा एकाच आकड्यावर थांबला. २ किलो ३५० ग्रॅम. मुलांनी उड्याच मारल्या! दोन्ही काप आजोबांकडे पोचते झाले. काप मोठे असले तरी त्यांतून चांगले तुकडे फार थोडे मिळतात. आजोबांनी बोटभर लांबीचे २३ चौकोनी तुकडे कापले. कुणात पोकळी निघाली, कुणात साल अडकलेली. कामाचे उरले आठ. आणि मुलं किती? नऊ!

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या नऊ जणांना घेऊन मी पुन्हा चितार आळीत आले. आजोबांनी प्रत्येक तुकड्याला मधोमध भोक पाडून आत पितळेची नळी चिकटवून ठेवली होती. नाकातोंडाला फडकं बांधून त्यांनी पहिला तुकडा लेथवर चढवला. घर्रर्र! चौकोनी तुकडा फिरू लागला. पटाशी टेकवताच भुश्याचा फवारा उडाला. आजोबा अगदी हलक्या हाताने काम करत होते. “ह्या लाकूड खंय वळात, सांगूक येणा नाय,” ते म्हणाले. धागे उलटसुलट असतात, पटाशी अडकली तर ढलपी उडून तुकडा वाया जातो.

लेथ थांबला. मुलं पुढे सरकली. फिक्या लाकडात जांभळट तपकिरी भोवरे आणि त्यांत बारीक बारीक ठिपके. “बाई, हेच ते डोळे का?” होय, हेच ते निजलेले डोळे!

मग पॉलिश कागदाने घासाघीस झाली. त्यानंतर आजोबांनी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली. घर्षणाने लाख तापून वितळली आणि लाकडावर पसरली. ही लाख कुठून येते, ठाऊक आहे? पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणारे इवलेसे किडे ती तयार करतात. वरून केवड्याच्या पानाने घासलं आणि पेन आरशासारखं चमकलं. शेवटी दोन्ही टोकांना धातूचे भाग बसवून आत रिफील घातली.

आठ पेनं झाली. नवव्याचं काय? मी पिशवीतून तो उन्हात उललेला काप काढला. आजोबांनी त्यातला एक तुकडा कातला आणि भेगेत लाल लाख भरली. “लाकूड फुटला म्हणान टाकूचा नसता,” ते म्हणाले.

कुणाला कुठलं पेन, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. लाल भेगेचं पेन ज्याला मिळालं, त्याचं तोंड एवढंसं झालं. खोटं कशाला सांगू? एसटीत बसेपर्यंत तो कुणाशी बोलला नाही.

परतीच्या वाटेवर एक मुलगी खिडकीतून ओरडली, “बाई, त्या फणसाला बघा केवढी गाठ! दहा पेनं होतील!” सगळे तिकडे धावले. तेव्हा मी त्यांना जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. जिवंत झाडाची गाठ कापायची नाही. कापली की मोठी जखम उघडी पडते, तिथून बुरशी शिरते आणि खोड कुजू लागतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर रेडवूड नावाची शंभर मीटरच्याही वर जाणारी झाडं आहेत. खोड जळलं किंवा पडलं, तर बुंध्याच्या गाठीतले डोळे जागे होऊन नवी झाडं उगवतात. पण चोर रात्री येऊन या गाठीच कापून नेऊ लागले. शेवटी २०१४ मध्ये तिथल्या एका उद्यानाला आपला एक रस्ता रात्री बंद ठेवावा लागला! आमची चिंच वादळानेच पाडली होती, म्हणून तिची गाठ आपली.

आता ती मुलं हायस्कूलला आहेत. मध्यंतरी लाल भेगेवाला बाजारात भेटला. शर्टाच्या खिशाला तेच पेन. “बाई, सगळ्यांची पेनं एकमेकांत बदलतात. माझं कधीच नाही!”

तेव्हा मुलांनो, वादळात पडलेलं झाड दिसलं, तर ते वखारीत जाण्याआधी त्याच्याभोवती एक फेरी मारा. गाठ सापडली, तर मोठ्यांना विचारून ती ठेवून घ्या. आणि हो, उन्हात मात्र ठेवू नका बरं का!