कडेचे आकडे

आजीला गावाहून गोरेगावला आणलं, तेव्हा काकांच्या स्टुडिओत दोन कॅमेऱ्यांनी तिचे फोटो काढले. १२०चा रोल मी सकाळी धुतला, छान निघाला. ३५चा दुपारी धुतला. काळाकुट्ट, कागदावर चेहराच उतरेना. मी कॅमेऱ्याला बोल लावला.

काका म्हणाले, "अरे, कडेचे आकडे बघ. ते कारखान्यातच उमटवलेले. तेही फुगलेत, म्हणजे चूक धुण्यात."

खरंच. सकाळी डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात गार केली होती. दुपारी कंटाळा केला. मे महिन्यातलं ३० अंशांचं पाणी आणि वेळ मात्र २० अंशांची!

पावसाळ्यात आजी गेली. भिंतीवरच्या फोटोत ती गंभीर आहे. हसली होती ती दुसऱ्या रोलात.