पुसण्यासाठी लिहिलेला कोड

‘कोड रिट्रीट’ ही प्रोग्रामरांची दिवसभराची सरावशाळा २००९ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. दिवसभर कोडे एकच: गणिती जॉन कॉनवे यांचा १९७० सालचा ‘गेम ऑफ लाइफ’. त्यात चौकटींच्या जाळीतली प्रत्येक पेशी जिवंत किंवा मृत असते. दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर जिवंत पेशी टिकते, नाहीतर मरते. मृत पेशीला नेमके तीन लाभले तर ती जिवंत होते. दोघांनी एका संगणकावर बसायचे, आधी चाचणी आणि मग कोड लिहायचा. ४५ मिनिटांनी सगळे पुसून, जोडीदार बदलून पुन्हा पहिल्यापासून. पुसताना भल्याभल्यांचा हात अडखळतो. पण काम कोणाला सोपवायचेच नसते, म्हणून ‘इफ’ ही जर-तरची आज्ञा न वापरता किंवा जोडीदाराशी न बोलता कोड लिहिण्यासारख्या विक्षिप्त अटीही पाळून पाहता येतात. कोडे पूर्ण सुटावे अशी अपेक्षाच नसते.