पाहुणे आणि हिशेबाची वही



२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत सौ. आणि मी कोकणात दिवेआगरला तीन दिवस राहून आलो. इंदूरहून पुणे, तिथून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळे असा प्रवास. तालुक्याचे गाव श्रीवर्धन, म्हणजे पेशवे बाळाजी विश्वनाथांचे गाव. पेशव्यांमुळे होळकर माळव्यात आले आणि त्यांच्या मागोमाग आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज. तेव्हा आपला इंदूरचा रस्ता एका अर्थी इथूनच निघाला, असे मी सौ.ला म्हणालो. तिला घाटातल्या वळणांनी मळमळत होते, त्यामुळे इतिहास तिथेच थांबला.

आम्ही उतरलो ते हॉटेल नव्हते. 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशी पाटी लावलेले एक घर होते आणि मागे समुद्राच्या बाजूला त्यांची वाडी, म्हणजे नारळ-पोफळीची बाग. पोफळ म्हणजे सुपारीचे झाड. घरात आजी, त्यांचा मुलगा, सून आणि तिसरीतला नातू. पाहुण्यांसाठी पडवीलगतच्या दोन खोल्या. सकाळी चुलीवरचे गरम घावन आणि गूळ घातलेले नारळाचे दूध. मी पाच खाल्ले.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, हे आपणांस ठाऊकच आहे. पहिल्याच सकाळी नातू दाराशी आला. मी आतून ओरडलो, "थांब रे, मी आंघोळ करून राहिलो आहे!" तो म्हणाला, "करून राहिलात? कुठे राहिलात, न्हाणीघरात?" आणि पोट धरून हसू लागला. मराठी शाळेचा मुख्याध्यापक मी! आजींनी त्याला दटावले, "पाहुण्यांना हसू नये." तीन दिवसांत आजींच्या तोंडून 'पाहुणे' याखेरीज दुसरा शब्द मी ऐकला नाही.

मुलाने प्रथम खोल्या भाड्याने द्यायचे काढले, तेव्हा आजींनी दोन दिवस अबोला धरला होता. "आलेल्याला जेवू घालून पैसे मागायचे? अन्न का विकायचं असतं?" मग ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. काही तासांत कौले उडाली, पोफळी मधूनच मोडल्या, नारळ मुळासकट आडवे झाले. दीडशे पोफळींतल्या अठरा उरल्या. करोनामुळे पाहुणे आधीच बंद होते. पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्पन्न एका दुपारी गेले आणि पाडलेली झाडे तोडून बाहेर काढायलाही पैसेच लागले.

मुलाने मला वाडी दाखवली. मधोमध नुसते ऊन पडले होते. पोफळीच्या वाडीत ऊन पडावे, हेच चुकीचे दिसत होते. २०२१ साली लावलेली रोपे माझ्या कमरेइतकी होती. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही म्हणून मध्ये केळी लावल्या होत्या. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. "तोवर घर या दोन खोल्यांवर," तो म्हणाला. आजी आता स्वतः पहाटे उठून घावनाचे पीठ कालवतात. अबोल्याचा विषय मात्र त्यांच्यासमोर कुणी काढत नाही.

निघायच्या दिवशी मुलगा वही घेऊन पडवीत बसला. वही दिसताच आजी उठून आत गेल्या. मी हिशेबावर पाचशे रुपये जास्त ठेवले. त्याने ते मोजून परत केले आणि हळूच म्हणाला, "आईला कळलं तर मलाच जेवण मिळायचं नाही."

वही मिटल्यावर आजी बाहेर आल्या. सौ.च्या ओटीत नारळ घातला, त्यावर त्या उरलेल्या अठरा झाडांपैकी एकीची सुपारी ठेवली. "नव्या पोफळी धरतील तेव्हा या," म्हणाल्या.

सौ.ने गाडीत बोटांवर मोजले. २०२७ किंवा २०२८. मी तेव्हा निवृत्त झालेलो असेन. नारळ आम्ही वाटेत फोडून खाल्ला. सुपारी देवघरात आहे.