खर्च कुठे करायचा

भोपाळमध्ये राहून लोकसंगीतावर जगायचं ठरवणाऱ्याने आधी पाटनगढच्या परधानांचा इतिहास समजून घ्यावा. गोंड यजमानांच्या दारी जाऊन बाना हे तंतुवाद्य वाजवायचं, त्यांच्या वंशावळी आणि देवांच्या कथा गायच्या आणि यजमानाने दिलेल्या धान्या-जनावरांवर घर चालवायचं, ही त्यांची पिढीजात वृत्ती. यजमानांची ऐपत आटली तशी ती वृत्तीही आटली. १९८१ च्या सुमारास चित्रकार ज. स्वामीनाथन यांच्या आदिवासी कलेच्या शोधमोहिमेत जनगढ सिंह श्याम हा त्या गावचा तरुण सापडला, भोपाळला आला आणि १९८२ साली उघडलेल्या भारत भवन या कलाकेंद्रात त्याची चित्रं लागली. त्याच्यामागून नातलग आले. आज भोपाळमध्ये कितीतरी परधान घरं चित्रांवर चालतात. गाणाऱ्यांची जमात चित्रकार झाली, याचं आपण कौतुक करतो आणि ते योग्यही आहे. पण हिशेबाच्या बाजूने पाहिलं तर त्याचा अर्थ सरळ आहे: चित्र विकत घेऊन भिंतीवर टांगता येतं, गाण्याचं तसं काही होत नाही.

मधल्या काळात गाण्यालाही वस्तूचं रूप मिळालं होतं. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि मोठ्या कंपन्यांनी कधी ढुंकूनही न पाहिलेल्या बोलींची गाणी गावोगावच्या छोट्या उत्पादकांनी बाजारात आणली. आवाज खरखरीत, वेष्टन भडक, पण कॅसेट हातात घेऊन पैसे मोजता येत होते. आता ती सोय राहिली नाही. गाणी आता ऑनलाइन ऐकली जातात, आणि ती ऐकवणाऱ्या स्पॉटिफायने २०२४ पासून नियमच केला की बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला मानधन नाही. आणि हजार ओलांडले तरी हाती येणाऱ्या रकमेत ढोलकची पुडीसुद्धा बदलून होणार नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की घरच्या खोलीत, साध्या सामानावर ध्वनिमुद्रण करणं ही आमच्यासारख्या लोकगायकांची आवडनिवड नंतर, आधी ते गणित आहे. जे विकलं जाणार नाही त्यावर कर्ज काढायचं नाही. कर्ज नसलं की कुठलं गाणं घ्यायचं, ते किती लांबवायचं, कुणाबरोबर गायचं हे आपल्या हातात राहतं. ‘स्वतंत्र’ कलाकार म्हणतात तो एवढ्यापुरताच.

या काटकसरीचा कारागिरीवर परिणाम होतो, आणि तो सगळाच वाईट नसतो. माळव्यातला भजनी तंबूरा शास्त्रीय गायकाच्या मागे झंकारत राहणाऱ्या तानपुऱ्यासारखा नाही. एका हाताने तारा छेडायच्या, दुसऱ्या हातात करताल. म्हणजे सूर आणि ठेका एकाच माणसाच्या अंगात. स्टुडिओत प्रत्येकाला वेगळं बसवून, कानात यंत्राची टिकटिक देऊन हे मुद्रित केलं, तर अंतऱ्यानंतर ढोलकवाला जो किंचित पुढे सरकतो ते सरकणं जातं. एकाच माइकवर काम करायचं तर तोल बैठकीतूनच साधावा लागतो. मंजिरा सर्वांत मागे, कारण त्याचा टणत्कार माइकला पेलत नाही; ढोलकची जाड बाजू भिंतीकडे; गायक हातभर अंतरावर. मोबाइलवर करायचं तर आवाजाची आपोआप होणारी चढउतार बंद करणारं अ‍ॅप हवं, नाहीतर गायक श्वासाला थांबला की फोन खोलीची घरघर वर ओढतो. मे महिन्यातही पंखा बंद. नंतर कुणाचा आवाज वरखाली करता येत नाही, त्यामुळे सगळे एकमेकांकडे कान देऊन वाजवतात.

घरच्या मुद्रणाच्या बाबतीत अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ हा अल्बम नेहमी पुढे केला जातो. १९८२ साली त्याने घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर कच्ची गाणी मुद्रित केली, मग बँड घेऊन स्टुडिओत ती पुन्हा करून पाहिली, आणि शेवटी कॅसेटच प्रसिद्ध केली. त्यावर आक्षेप येतो तो असा: त्याला निवड होती, खेड्यातल्या मंडळीला नसते, गरिबीची खरखर शहरी कानांना गोड लागते म्हणून ती कलेच्या नावाने खपवू नका. हा आक्षेप मला मान्य आहे. खरखर हा गुण नव्हेच. स्वच्छ आवाजावर सॉफ्टवेअरने जुन्या तबकडीची करकर चढवणं तर मला कारखान्यातच फाडून विकलेल्या जीन्ससारखं वाटतं. कुणा मंडळीला स्टुडिओ हवा असेल आणि खर्च उचलणारा दुसरा कुणी असेल, तर तिने जरूर जावं. मात्र तो खर्च गायकाच्या खिशातून, ‘पुढे वसूल होईल’ या भरवशावर होत असेल, तर कुठून वसूल होणार ते सांगणाऱ्याने आकड्यात सांगावं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: पोटासाठी नोकरी करणारा कसला व्यावसायिक गायक? याचं उत्तर देवासच्या वाटेवर मिळतं. मराठी माणसाला देवास कुमार गंधर्वांमुळे ठाऊक असतं. पण तिथेच नव्वदच्या दशकात भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने कबीर भजन एवं विचार मंच चालवला. दर महिन्याला आसपासच्या खेड्यांतल्या मंडळ्या यायच्या आणि रात्रभर गायच्या. शेतकरी, मजूर, शिक्षक असेच लोक. त्याच भागातले प्रल्हादसिंह टिपानिया सरकारी शाळेत शिक्षक होते, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती गाण्यासाठी. या मंडळ्यांना हौशी ठरवायचं, तर माळव्याच्या कबीरगायनात व्यावसायिक म्हणावं असं फार थोडं उरेल.

मुद्रण मग करायचं कशाला? बोलावणं यावं म्हणून. ऐकून कुणी बैठकीला बोलावतं, आणि पैसे मिळालेच तर तिथे मिळतात. म्हणून हातात चार पैसे आले की मी नवा माइक शेवटी घेईन. आधी ढोलकवाल्याचं मानधन, आणि तेही कार्यक्रमाच्या रात्रीच, कारण दुसऱ्या दिवशी त्याला कामावर जायचं असतं. मग चौघांचं गाडीभाडं. उरलं तर तंबूऱ्याच्या तारा.