एक रेघ, एक नुक्ता

मागच्या महिन्यात धुळ्याचा एक जुना विद्यार्थी जळगावला घरी आला. त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. आता जिमचं सामानही बनवतो: डंबेल, प्लेटा, बेंच. "सर, एक लोगो काढून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे." मग चहाचा कप खाली ठेवत हळूच म्हणाला, "फक्त उर्दू नको. गिऱ्हाईक बिचकतं."

वीस वर्षं मी फळ्यावर दोन्ही लिपींत लिहितो, एक डावीकडून, एक उजवीकडून. ते वाक्य लागलं. पण धंदा त्याचा, बँकेचे हप्ते त्याचे. काय बोलणार?

त्याच्या मोबाईलमध्ये नमुने होते. वाघ, ज्वाळा, दंड फुगवलेला माणूस. मी विचारलं, यातलं दहा फुटांवरून काय ओळखू येईल? घाम आणि गंज लागल्यावर काय उरेल? नायकेची खूण १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ३५ डॉलरमध्ये काढून दिली होती. एकच वळण. लहान मूलही पाटीवर काढेल.

नावासाठी त्याने दोन-तीन इंग्रजी शब्द आणले होते. मी म्हटलं, "तालीम ठेव." तो हसला. "सर, ते तर शाळेचं झालं!"

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे पैलवान घडतात ती जागा. शब्द मूळचा अरबी, पण कोल्हापूरच्या लाल मातीत असा मुरला की त्याला कुणी गाव विचारत नाही. कुस्ती, पैलवान, वस्ताद, जोर हे शब्द फारसीतून आले. जोर-बैठका काढताना कुणाला ते परके वाटतात?

नाव ठरलं. पत्र्याचा स्टेन्सिल कापला, तर 'म'च्या पोटातला तुकडाच गळून पडला. मग मी एकेक अक्षर काढून टाकत गेलो. शेवटी उरली जाड शिरोरेषा. तिच्याखाली मी कलमाच्या टोकाचा एक चौकोनी, तिरपा ठिपका दिला. किताबतीत अक्षरांची मापं याच नुक्त्याने घेतात. अलिफची उंचीसुद्धा किती नुक्ते, अशी मोजतात.

त्याला चित्र आवडलं. "बारखाली वजन लटकलंय," म्हणाला. मी काही बोललो नाही. धुळ्यापर्यंतच्या एसटीत मात्र ते मनाला खात राहिलं. त्याने नको म्हटलेलं मी लपवून दिलं होतं का?

वर्कशॉपमध्ये काळ्या प्लेटांवर पांढरी खूण वाळत होती. मी सांगून टाकलं, "हा नुक्ता आहे. नको असेल तर पुसून टाक."

तो बराच वेळ बघत राहिला. नुक्ता हलला की 'खुदा'चा 'जुदा' होतो, हे त्याला सातवीत मीच शिकवलं होतं.

"सर," त्याने विचारलं, "जागेवर पडलाय ना?"